झिजलेल्या पात्याची कैफियत

खिशात बाळगावयाच्या मिटत्या चाकूंचा संग्रह करणे हा छंद आपल्याकडे जुना नाही. तरी आता तो अगदी विरळाही राहिलेला नाही. सातारा आणि सांगली या दोन शहरांत मिळून असे संग्राहक मला स्वतःला चार ठाऊक आहेत. चौघेही सुशिक्षित, सुस्थित आणि आतिथ्यशील आहेत. त्यांच्या घरी गेले की चहाच्या आधी पेटी येते. पेटीत निळी मखमल, मखमलीवर ओळीने निजविलेले चाकू, आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी: कारखान्याचे नाव, गाव, साल, आणि शेवटी मोठ्या अभिमानाने लिहिलेले दोन शब्द, ‘उत्पादन बंद’. जो कारखाना बुडाला त्याचा चाकू मोलाचा. जो नमुना कारखान्याने आपण होऊन रद्द केला तो त्याहून मोलाचा. आणि घेणाऱ्याने जो कधी उघडलादेखील नाही, मूळच्या कागदी डबीसह जसाच्या तसा राहिला, तो सर्वांत मोलाचा. ह्या तिसऱ्या कसोटीविषयी माझी तक्रार आहे. चौघांपैकी दोघे हे मासिक घेतात हे ठाऊक असूनही ती येथे मांडीत आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. संग्रह म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे मानणारा मोठा वर्ग आपल्यात आहे, आणि हा लेख वाचून तो खूष होईल अशी मला भीती वाटते. त्या वर्गाशी माझे काडीचेही नाते नाही. दिनकर गंगाधर केळकर पुण्यात बसून दिवे, दौती, फण्या, वज्री आणि अडकित्ते गोळा करीत होते त्या काळात शहाणी माणसे हाच माल मोडीत घालून नवी भांडी घेत होती. १९७५ साली केळकरांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. अकाली गेलेल्या त्यांच्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला आहे. आज घोड्याच्या, पोपटाच्या, स्त्रीपुरुषांच्या आकाराचे ते अडकित्ते पाहताना आपण थक्क होतो, आणि आपल्या आजीचा अडकित्ता कोणत्या बोहारणीच्या पाटीत गेला हे आठवून मनातल्या मनात वरमतो. साताऱ्याच्या बाजूचेच उदाहरण हवे असेल तर औंधचे आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय उभारले. रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराच्या एका लहानशा मातामूर्तीपर्यंत कायकाय तेथे आहे! देवीला जाता जाता खटाव तालुक्यातील शेतकऱ्याला ते पाहता येते. राजाच्या तिजोरीत ही चित्रे राहिली असती तर आज त्यांचे काय झाले असते, ह्याची कल्पना न केलेली बरी. तेव्हा संग्रहाविरुद्ध मी एक अक्षर लिहिणार नाही. काय जपायचे आणि काय पुसून टाकायचे, ह्याविषयीच वाद आहे.

हा वाद मला कसा सुचला, ते सांगणे प्राप्त आहे. कारण ह्या प्रकरणात मी केवळ फिर्यादी नाही, थोडासा गुन्हेगारही आहे.

माझे आजोबा खटाव तालुक्यातील एका खेड्यात मराठी शाळेवर मास्तर होते. त्यांच्यापाशी दोन पात्यांचा, सांबरशिंगाच्या मुठीचा एक विलायती चाकू होता. तो त्यांना कोणी दिला हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि लहानपणी आम्ही विचारलेही नाही. आजोबांचा चाकू हा आजोबांच्या मिशांसारखा मुळापासूनच असावा अशी आमची समजूत होती. मोठ्या पात्याने ते आंबा चिरीत, दोरी कापीत, उसाचे कांडे सोलून देत. त्या पात्याचे टोक थोडे मोडले होते. लहान पात्याला मात्र हात लावण्याची आम्हांस सक्त मनाई होती. ते पाते बोरूचे. रोज सकाळी शाळा भरण्यापूर्वी मुले आपापले बोरू घेऊन ओळीने उभी राहत आणि आजोबा ते एकामागून एक तासून देत: आधी एक लांब उतरता काप, मग दोन्ही बाजूंनी निमुळते करणे, टोकाला बारीक चीर, आणि शेवटी नखावर टेकवून दिलेला एक तिरका छाट. तो छाट चुकला तर अक्षराची वळणे जाड-बारीक येत नाहीत आणि मुलाचा कित्ता दिवसभर बिघडतो. बोरू तासताना जोर पडतो तो मुठीजवळ. तीस वर्षांच्या नोकरीत त्या लहान पात्याचा मुठीकडचा भाग चंद्रकोरीसारखा आत गेला होता. टोकाकडे ते पाते अर्धा बोट रुंद आणि मुळाशी गव्हाच्या दाण्याएवढे.

हा चाकू पुढे माझ्याकडे आला. काही वर्षांपूर्वी घर बदलताना तो मी एका संग्राहक स्नेह्यांकडे ठेवावयास दिला. माझ्याकडे त्याला गंज चढेल, त्यांच्याकडे तो सुखात राहील, अशी माझी समजूत. चार महिन्यांनी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले आणि पेटी उघडली. चाकू ओळखू येईना. शिंगाची मूठ घासून चकचकीत केलेली, मोठ्या पात्याचे मोडके टोक चाकावर धरून नवे काढलेले, आणि लहान पाते मुळीच नाही. त्याच्या जागी दुसऱ्या एका मोडक्या चाकूचे पाते बसविलेले! स्नेही कौतुकाची वाट पाहत होते. “आता हा चारचौघांत उभा राहील,” ते म्हणाले. जुन्या पात्याचे काय केलेत म्हणून विचारले तेव्हा ते कारागिराकडेच राहिले असे कळले. कारागिराकडे गेलो तर ते केव्हाच भंगारात गेले होते. स्नेह्यांनी पदरचे पैसे खर्चून, निखळ सद्भावनेने हे केले होते. म्हणूनच मला त्यांच्यावर रागावता आले नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे. दुष्टाव्याने केलेली नासाडी एखादेवेळी होते. सद्भावनेची नासाडी पद्धतशीर असते.

प्रथम निव्वळ कारागिरीच्या दृष्टीने पाहू. पाते घडविणारा लोहार ते तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवितो, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितो. ह्याला आपल्याकडे पाणी देणे म्हणतात, आणि ‘पाणीदार’ हा शब्द माणसाला लावताना आपण लोहाराचे हे ऋण विसरतो. विजेच्या चाकावर बारीक पाते भरभर घासले की धार तापते. पोलादावर निळसर झाक आली की समजावे, पाणी उतरले. मग धार दिसते, परंतु टिकत नाही. माझ्या आजोबांच्या चाकूच्या नव्या टोकावर ती निळी झाक मी डोळ्यांनी पाहिली. ऐंशी वर्षे कापीत आलेला चाकू संग्रहात जाऊन नवा झाला आणि कापीनासा झाला.

परंतु पाणी उतरणे ही लहान हानी आहे. मोठी हानी त्या चंद्रकोरीची. एका खेड्यातील एका शाळेत किती मुलांनी किती वर्षे बोरू धरला, ह्याचा लेखी पुरावा कोणत्याही दप्तरात नाही. तो त्या झिजेत होता. ‘कलम’ ह्या शब्दाकडेच पाहा. मराठीत कलम म्हणजे लेखणी. कलम म्हणजे आंब्याचे किंवा द्राक्षाचे बांधलेले रोप. आणि मस्तक कलम करणे म्हणजे काय हे सांगावयास नको. तिन्ही अर्थांत पाते हजर आहे. बोरूचा चाकू म्हणून आपल्या जुन्या भाषेत ‘कलमतराश’ असा स्वतंत्र शब्द होता. खिशातला मिटता चाकू विलायतेहून येण्यापूर्वी आपल्याकडे त्याचे काम करणारा खरा पूर्वज तो. ज्या साताऱ्याला छत्रपतींच्या गादीमुळे राजधानीचा मान मिळाला, तेथे चिटणिसांच्या आणि फडणिसांच्या कारकुनांनी मोडीचे किती रुमाल भरले! मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून आपण त्या कागदांना डोक्यावर घेतो. पण ते कागद ज्या लेखण्यांनी लिहिले त्या लेखण्या ज्यांनी तासल्या, ते कलमतराश कोठे आहेत? तलवारी, पट्टे, कट्यारी, बिचवे ह्यांना भिंती मिळाल्या, काचा मिळाल्या. तलवारीने जिंकलेले राज्य कागदावर आणणाऱ्या पात्याला कोणी जागा दिली नाही. आणि खाजगी संग्राहकाने चुकून दिलीच, तर आधी त्याची झीज घालवून!

ह्यावर संग्राहक म्हणतील: “आम्ही पाहावे तरी काय? नाव नाही, शिक्का नाही, अशा लोखंडाच्या तुकड्याची ओळख कशी पटवावी?” ह्या प्रश्नातच त्यांच्या शास्त्राचे सारे वैगुण्य उघड होते. त्यांचे शास्त्र शिक्क्याचे शास्त्र आहे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सला तारा आणि क्रूस ही खूण तेथील चाकू-सुऱ्या करणाऱ्यांच्या संघाने १७६४ साली दिली. ती खूण पात्यावर दिसली की आमच्या मित्रांचे डोळे पाणावतात. रॉजर्स मोठे कारागीर होते ह्यात वाद नाही. त्यांनी १८२२ साली १८२२ पात्यांचा एक चाकू तयार केला, आणि दर वर्षी त्यात एकेक पाते वाढवीत जाण्याचा संकल्प सोडला. कोणाच्या खिशात तो मावणार होता, हे विचारू नये. पेढीची जाहिरात आणि संग्राहकाचे स्वप्न ह्यांत पुष्कळदा फरक नसतो. परंतु ज्या शिक्क्यावर एवढी भिस्त, तो तरी निर्वेध आहे काय? नामांकित पेढ्यांच्या नावांत एखादे अक्षर इकडचे तिकडे करून हलका माल खपविण्याचा धंदा त्या काळी एवढा बोकाळला की मालावरील खोट्या खुणांविरुद्ध १८८७ साली विलायतेत आणि १८८९ साली हिंदुस्थानात कायदे करावे लागले. म्हणजे शिक्का असलेल्या प्रत्येक चाकूबद्दल पुन्हा प्रश्न उरतोच.

आणि आमच्या लोहाराने शिक्का मारला नाही, ह्यात त्याचा काय अपराध? तो बलुतेदार होता. त्याचे गिऱ्हाईक गावचेच, आणि गावाला त्याचा हात ओळखू येई. खळ्यावर बलुते मागावयास जाताना त्याला आपल्या खुरप्यावर नाव कोरून ठेवण्याची गरज नव्हती. गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांचे तर त्याहून विलक्षण. झाडाखाली भाता लावावा, ऐरण रोवावी, पुरुषाने सांडशीत लोखंड धरावे आणि त्याच्या बायकोने घण घालावा. जुनी कानस किंवा मोटारीच्या पाट्याचा तुकडा दिला तर त्यातून डोळ्यांदेखत विळा, खुरपे, सुरी निघते. घण घालणाऱ्या त्या बाईचा शिक्का कोठे शोधावा? उलट बाजूचे उदाहरणही सांगली जिल्ह्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथल्या लोखंडी नांगराला आणि कडबा कापण्याच्या यंत्राला नाव होते, म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला, आणि तो लिहिला गेला हे योग्यच झाले. परंतु कडब्याचे यंत्र येण्यापूर्वी ज्या विळ्याने कडबा तुटत होता, त्याचे एक पाते तरी कोणी तारीखवार, गावासह, करणाऱ्याच्या नावासह ठेवले आहे काय? जो नाव सांगू शकतो त्याचाच इतिहास, असा हा कायदा झाला. बाजाराने तो करावा हे स्वाभाविक आहे. संग्राहकाने तो मुकाट मान्य करावा, हे मात्र मला सहन होत नाही.

पात्यांच्या पुराव्याविषयी साताऱ्यास हल्लीच एक मोठा धडा मिळाला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलै महिन्यात साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली आणि काही महिने तेथे राहिली. ती ग्रँट डफच्या घराण्यातून त्या संग्रहालयाकडे गेलेली. हा डफ १८१८ पासून काही वर्षे साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता आणि पुढे त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, हे वाचकांस ठाऊक आहेच. वाघनखांबरोबरच्या पेटीवर एक लेख आहे, आणि शिवाजी महाराजांनी हीच वापरली असे तो सांगतो. परंतु १६५९ साली प्रतापगडाखाली चाललेली वाघनखे हीच, असा निर्वाळा आपणांस देता येत नाही, असे खुद्द ते संग्रहालयच म्हणते. ह्यावरून केवढी रणे माजली! पेटीवरचा मजकूर म्हणजे पुरावा नव्हे, वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली ह्याची अखंड साखळी पाहिजे, हे तत्त्व साताऱ्याच्या चौकाचौकांत, चहाच्या दुकानांत, भाजीवाल्यापर्यंत पोहोचले. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण त्याच आठवड्यात माझे एक संग्राहक मित्र वाघनखांच्या पुराव्यावर तासभर आवेशाने बोलले, आणि मग त्यांनी आपला नवा चाकू दाखविला. हा कोठून आला? “मुंबईहून.” त्यापूर्वी? “विकणाऱ्याने सांगितले नाही.” त्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही. डबीवरचा छाप त्यांना पुरेसा होता.

वाघनखांवरून आणखी एक आठवते. मिरज तालुक्यातील पानमळ्यांत पाने खुडणारा माणूस अंगठ्याला लोखंडी नखी चढवितो. तिच्या धारेने देठ तटकन तुटतो आणि वेलीला हिसका बसत नाही. हेही नखच, फक्त ते कोणाचे पोट फाडीत नाही. घरोघरच्या विड्याला पान पुरवते. तासगावच्या बाजूस द्राक्षांच्या खुंटावर डोळे भरणाऱ्यांच्या खिशात आजही मिटता चाकू असतो, आणि त्याची धार कशी असावी हे ऐकावयाचे असेल तर त्यांच्याकडेच जावे. काप एका झटक्यात, सपाट आणि स्वच्छ आला नाही तर डोळा आणि खुंट एकजीव होत नाहीत. दोन-तीन हंगामांत पाते झिजून जाते, तो टाकून देतो, नवा घेतो. मी एका कलमवाल्यास त्याचा टाकाऊ चाकू मागितला तेव्हा तो हसला. “साहेब, नवा घ्या की,” म्हणाला. संग्रहाविषयीचे त्याचे मत माझ्या मखमलवाल्या मित्रांच्या मताशी इतके जुळावे, ह्याची मला गंमत वाटली.

चाकू हा शब्दच आता बदनाम झाला आहे, हेही ह्या उदासीनतेचे एक कारण आहे. वर्तमानपत्रात तो ‘हल्ला’ ह्या शब्दाचा हात धरल्याशिवाय येत नाही. चित्रपटांनी रामपुरीला जी कीर्ती दिली तिने खिशातल्या प्रत्येक पात्याकडे संशयाने पाहावयास शिकविले. आणि पुण्याकडच्या बातम्यांमुळे कोयता हे गुंडांचे हत्यार ठरले. सरकारदेखील ह्या बाबतीत लोकांहून अधिक समंजस होते. १९५९ च्या शस्त्र-कायद्याखाली १९६२ साली जे नियम झाले त्यांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना शस्त्रांत घातले खरे, पण घरच्या, शेतीच्या, शास्त्राच्या नि कारखान्याच्या कामासाठी केलेली पाती त्यातून स्पष्टपणे वगळली. राबणारे पाते आणि मारणारे पाते हा भेद कायद्याला कळला. तो आमच्या संग्रहालयांना कळू नये? सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडावयास बीडकडून जी कुटुंबे येतात, त्यांतील नवराबायकोच्या जोडीला त्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यावर ठरते, टोळीची मोजदाद कोयत्यांवर होते. ज्या मुलखात माणसे पात्याच्या नावाने मोजली जातात, त्या मुलखात त्या पात्याचा एक नमुना, कोणी घडविला, किती हंगाम चालला, किती वेळा शेवटला गेला, एवढ्या नोंदीसह कोठेही ठेवलेला मला आढळला नाही. पेटीत मात्र स्विस सैन्याचे चाकू आहेत. ते सैनिकांना १८९१ सालापासून मिळू लागले, हे आमच्या मित्रांना तोंडपाठ आहे.

आता प्रतिपक्षाचे जे म्हणणे खरे आहे, ते मान्य केले पाहिजे. ते म्हणतात, आम्ही नसतो तर हे सारे भंगारात गेले असते. हे अक्षरशः खरे आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले आणि आठवडाभर घरांतून राहिले; ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांवर चिखलाने माखलेल्या संसाराचे ढीग पडले. त्या ढिगांत विळ्या होत्या, अडकित्ते होते, गंजून बसलेले चाकू होते. लोकांचे धान्य, कपडे, मुलांची पुस्तके गेली होती. त्यांना लोखंडाचे प्रेम कोठून सुचणार? त्या वेळी सांगलीच्या एका संग्राहकाने भंगारवाल्यांकडे फेऱ्या घालून तीस-चाळीस पाती वाचविली. मी त्यांना मनोभावे नमस्कार करतो. पण मग त्यांनी त्यांतील नामांकित पेढ्यांचे सहा चाकू ठेवले, आणि उरलेली पाती पुन्हा भंगारवाल्यास परत केली. त्या नमस्काराचे काय करावे, हे मला अद्याप कळलेले नाही.

गंज काढू नये, असेही मी म्हणत नाही. गंज हा चालू रोग आहे. तो तेलाने, मऊ फडक्याने थांबविलाच पाहिजे. झीज हा रोग नव्हे. ती पात्याच्या आयुष्याची हकीकत आहे. गंज काढणारा वैद्य, झीज काढणारा बखर जाळणारा, एवढा भेद ध्यानात ठेवला तर कारागिराकडे चाकू देताना हात आपोआप आखडेल. कोणी म्हणेल, आमचा पैसा, आमचा चाकू, आम्ही वाटेल ते करू. कबूल. मग ‘आम्ही इतिहास जपतो’ हे वाक्य तेवढे सोडावे. घड्याळे, मोटारी, चाकू हे हौसेने विकत घ्यावे, चकाकवावे, विकून नफाही करावा. त्यात पाप नाही. हौसेला इतिहासाचा अंगरखा घातला, की मात्र इतिहासाचे नियम लागू होतात.

ते नियम फार कठीण नाहीत. प्रत्येक पात्याबरोबर चार गोष्टी लिहिल्या म्हणजे झाले: कोणाच्या हातात होते, कोणते काम करीत होते, धार कोणी लावीत असे, आणि आपल्याकडे कसे आले. कारखान्याचे नाव पाचवे, मिळाल्यास लिहावे. सुरुवात कोठून करावी असे जो विचारील, त्याला मी खंडेनवमीचा दिवस सुचवीन. त्या दिवशी आपल्या घरांतील सारी पाती एकदा तरी उजेडात येतात. विळी, कोयता, खुरपे, सुरी, कात्री, अडकित्ता, कोपऱ्यात पडलेला आजोबांचा वस्तरा, सारे धुऊन पुसून पाटावर मांडतात, गंध लागते, झेंडूचे फूल पडते. वर्षातून एक दिवस प्रत्येक घर आपले संग्रहालय भरविते आणि संध्याकाळी ते मोडून टाकते. त्या पाटापुढे वही घेऊन बसावे आणि घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसास एकेका पात्यावर बोट ठेवून विचारावे. गेल्या दोन नवमींना मी हे चार घरी केले. एका घरी, वाईजवळ, ज्या सुरीला सारे ‘भाजीची’ म्हणत होते, ती मुळात कातकाम करणाऱ्या शेजाऱ्याने उसनवारीच्या बदल्यात दिलेली रापी निघाली. तिचा आकार भाजीच्या सुरीचा का नाही, हे कोडे त्या घरच्या सुनेला पंधरा वर्षे पडले होते. दुसऱ्या घरी म्हातारबुवांनी अडकित्त्याविषयी एवढेच सांगितले की तो हातात कधी द्यावयाचा नाही, खाली ठेवावयाचा, नाहीतर भांडण होते. बाकीचे त्यांना आठवेना. तेही लिहून घेतले. वहीत आतापर्यंत एकवीस पाती झाली आहेत, त्यांपैकी शिक्का दोघांवर.

माझ्या चार संग्राहक मित्रांस मी ह्या लेखाआधी पत्रे धाडली होती. मागणी एवढीच की प्रत्येकाने आपली एक पेटी, कोणतीही, मजपुढे ठेवावी आणि त्यातील चाकूंची वर सांगितलेली चार कलमे आठवतील तेवढी मला सांगावी. दोघांनी होकार दिला. एकाने उत्तर दिले नाही. ज्यांनी माझ्या आजोबांचा चाकू नवा केला, त्यांनी पत्राच्या उत्तरी एक लहान पुडी पाठविली. तीत त्या सांबरशिंगी मुठीवरून घासताना निघालेला, कारागिराने का कोण जाणे जपून ठेवलेला एक पातळ पापुद्रा होता, आजोबांच्या हाताच्या तेलाने काळवंडलेला. सोबत एक ओळ: येत्या रविवारी दुपारी या, पेटी काढून ठेवतो.